नॉझलच्या आकृतीतील ती उभी रेघ

वायूंच्या वेगवान प्रवाहावरचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले, की एक आकृती हमखास भेटते. वरच्या भागात मध्ये आवळलेली आणि पुढे पुन्हा रुंदावत गेलेली नळी असते, तिला नॉझल म्हणतात. खालच्या भागात नळीच्या लांबीबरोबर वायूचा दाब कसा बदलतो ते दाखवणारा आलेख असतो. दाब उतरत जातो, गळ्यापाशी (म्हणजे नळीच्या सर्वांत अरुंद जागी) पोचतो, आणखी उतरतो, आणि मग रुंदावत्या भागात कुठेतरी एक सरळ उभी रेघ मारून एकदम वर चढतो. रेघेशेजारी लिहिलेले असते : 'लंब आघात-तरंग'.

पदविकेच्या वर्गात ही आकृती फळ्यावर काढली जाते, परीक्षेत विचारली जाते आणि पैकीच्या पैकी गुण मिळवून देते. आकृती चुकीची नाही. तरीही ती शिकवण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तिच्याबद्दल आम्हाला तक्रार आहे. ती रेघ का येते, नेमकी तिथेच का येते आणि उलट दिशेने का येत नाही, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उठायला हवेत. आकृती इतकी नीटनेटकी आहे की ते उठतच नाहीत. या लेखात आपण ती आकृती समोर ठेवून तिच्यात काय आहे आणि काय राहून गेले आहे ते तपासू या.

शाळेतला नियम आणि त्याची हद्द

अडचणीची सुरुवात शाळेत होते. 'नळी अरुंद झाली की प्रवाहाचा वेग वाढतो' हा नियम आपण सर्वांनी शिकवला आहे. बागेतल्या पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडते, हे उदाहरणही दिले आहे. नियम बरोबर आहे, पण त्याला हद्द आहे, आणि ती हद्द आपण सांगत नाही. मग हाच विद्यार्थी पुढे नॉझलपाशी येतो आणि पुस्तक त्याला सांगते, 'गळ्यानंतर नळी रुंदावते आणि वेग आणखी वाढतो.' तो गोंधळतो. बहुतेक पुस्तके इथे एक सूत्र लिहून पुढे जातात. वास्तविक हे कोडे साध्या टक्केवारीने सुटते.

नळीच्या प्रत्येक छेदातून दर सेकंदाला सारखेच वस्तुमान गेले पाहिजे. हे वस्तुमान म्हणजे घनता, वेग आणि छेदाचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार. पाण्याची घनता जवळजवळ बदलत नाही, म्हणून वेग वाढवायचा तर क्षेत्रफळ कमीच करावे लागते. वायूचे तसे नाही. वेग वाढतो तेव्हा त्याचा दाब उतरतो आणि तो विरळ होतो. किती विरळ होतो? न्यूटनचा दुसरा नियम आणि ध्वनिवेगाची व्याख्या एकत्र केली की उत्तर मिळते. वेग १ टक्का वाढला तर घनता माख अंकाच्या वर्गाइतके टक्के घटते. (माख अंक म्हणजे प्रवाहाचा वेग भागिले त्याच जागचा ध्वनीचा वेग.)

आता आकडे घालून पाहू. माख अंक ०.५ असेल तर वेग १ टक्का वाढताना घनता फक्त पाव टक्का घटते. गुणाकार कायम ठेवायला क्षेत्रफळ पाऊण टक्का कमी करावे लागते. शाळेतला नियम इथे टिकतो. माख अंक २ असेल तर वेग १ टक्का वाढताना घनता ४ टक्के घटते. वायू इतका फुगतो की त्याला जायला जागा हवी, म्हणून क्षेत्रफळ ३ टक्के वाढवावे लागते. माख अंक बरोबर १ असताना दोन्ही बदल सारखे होतात आणि क्षेत्रफळ बदलायचे कारण उरत नाही. म्हणून ध्वनिवेग गाठला जातो तो गळ्यातच. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या टर्बाइनसाठी आधी निमुळती आणि मग रुंदावणारी नळी वापरली, तिचे मर्म हे आहे.

एवढे सांगायला दहा मिनिटे लागतात. ती दिली नाहीत तर विद्यार्थ्याच्या डोक्यात दोन परस्परविरोधी नियम शेजारी शेजारी पाठ होऊन बसतात. सूत्र न समजण्यापेक्षा हे नुकसान मोठे आहे. विज्ञानात नियम मधूनच उलटतात आणि ते मुकाट्याने मान्य करायचे असते, असा धडा त्यातून मिळतो.

रेघेच्या दोन बाजूंना

आता त्या उभ्या रेघेकडे येऊ. आकृती फक्त दाब दाखवते, म्हणून रेघेपाशी काय काय घडते ते एका उदाहरणाने पाहू. टाकीत १० बार दाबाची, २७° सेल्सिअसची हवा आहे. (१ बार म्हणजे जवळजवळ आपल्याभोवतीच्या हवेचा दाब.) ती नॉझलमधून दुसऱ्या टाकीत जाते आणि त्या टाकीचा दाब आपल्या हातात आहे. नॉझलच्या तोंडाचे क्षेत्रफळ गळ्याच्या १.६९ पट आहे. हवा विनाअडथळा तोंडापर्यंत गेली तर तिथे माख अंक २ होतो, दाब १.२८ बार, तापमान उणे १०६° से. आणि वेग सेकंदाला सुमारे ५१८ मीटर.

समजा, अगदी तोंडापाशी लंब आघात-तरंग उभा आहे. त्याच्या पलीकडे पाऊल टाकताच दाब ४.५ पट होऊन ५.७५ बार होतो. तापमान ८° से. वर येते. वेग सेकंदाला १९४ मीटरवर उतरतो आणि माख अंक ०.५८ होतो. हा सगळा बदल होतो केवढ्या जाडीत? रेणूंच्या काही मोजक्या सरासरी मुक्त पथांइतक्या. नेहमीच्या हवेत असा एक पथ मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतो. पुस्तकातली शाईची रेघ त्या मानाने भिंतीएवढी जाड आहे.

वेग इतका उतरला, मग ऊर्जा कुठे गेली? 'आघात-तरंगात ऊर्जा नष्ट होते' असे वाक्य आम्ही एकाहून अधिक टिपणांत वाचले आहे. हे वाक्य सरळ खोडून टाकावे. ऊर्जा कुठेही गेलेली नाही. वेगातली ऊर्जा कमी झाली तेवढी उष्णतेच्या रूपात वाढली. हवा हळूहळू थांबवून पाहिली तर आघाताच्या आधी आणि नंतर तिचे तापमान तेच भरेल, २७° से. पण तिचा दाब तो भरणार नाही. आघाताआधीची हवा, काही वाया न घालवता, थांबवली तर १० बार दाब परत मिळतो. आघातानंतरची हवा तशीच थांबवली तर मिळतो फक्त ७.२ बार. या दाबाला आपण स्तब्ध दाब म्हणू. ऊर्जा तेवढीच राहिली, पण तिच्यातून काम करून घेण्याची ऐपत २८ टक्के दाबाइतकी घसरली. एखाद्याची नोट तेवढ्याच किमतीची राहावी, पण बाजारात तिला मिळणारा माल कमी व्हावा, तसे हे आहे.

आमची पहिली तक्रार इथेच आहे. आकृतीत दाबाच्या आलेखाशेजारी स्तब्ध दाबाची दुसरी रेघ असायला हवी : गळ्यापर्यंत आडवी, गळ्यानंतरही आडवी, आघातापाशी एक पायरी खाली आणि पुढे पुन्हा आडवी. ही एकच पायरी काढली तर सारी गोष्ट उलगडते. ती न काढल्यामुळे विद्यार्थी फक्त दाब 'वाढलेला' पाहतो आणि आघात-तरंग हा काही फायद्याचा प्रकार आहे असे समजून घरी जातो.

तिथेच का?

दुसरी टाकी जवळजवळ पहिल्याइतक्याच दाबाची असेल, म्हणजे दाब ९.०९ बारपेक्षा जास्त असेल, तर सगळा प्रवाह ध्वनिवेगाहून मंद राहतो. दाब ९.०९ बारपर्यंत उतरवला की गळ्यात ध्वनिवेग गाठला जातो. इथून पुढे बाहेरचा दाब कितीही कमी केला तरी नळीतून जाणारे वस्तुमान वाढत नाही. गळा गुदमरला, असे अभियंते म्हणतात. दाब आणखी उतरवला की गळ्यापुढे थोडा भाग स्वनातीत होतो आणि त्याच्या शेवटी आघात-तरंग उभा राहतो. बाहेर ८.३ बार असेल तर तो क्षेत्रफळ गळ्याच्या १.१८ पट असते तिथे, माख अंक १.५ च्या जागी उभा असतो. बाहेरचा दाब ५.७५ बारवर आला की सरकत सरकत तो तोंडाशी पोचतो.

इथवर पुस्तके आकडे देतात, पण कारण देत नाहीत. जणू वायूने आधी सूत्र सोडवले आणि मग जागा निवडली! कारण असे आहे : बाहेर दाब जास्त आहे ही 'बातमी' वायूत ध्वनीच्या वेगाने पसरते. स्वनातीत प्रवाहात ध्वनी उलट्या दिशेने जाऊच शकत नाही. पुराच्या पाण्यात पोहणाऱ्यासारखा तो मागे रेटला जातो. मात्र दाबाचे लहान लहान धक्के एकावर एक साचून मोठी उडी तयार झाली, तर ती उडी ध्वनीपेक्षा वेगाने जाते. उडी जितकी मोठी तितकी ती वेगवान. प्रवाहाच्या विरुद्ध तिचा वेग जिथे प्रवाहाच्या वेगाएवढा होतो, तिथे ती जमिनीच्या संदर्भात स्थिर उभी राहते. आकृतीतली रेघ ही अशी सतत धावत असूनही जागच्या जागी राहणारी उडी आहे.

आणि ती तिथे टिकते का? समजा, आघात-तरंग चुकून थोडा पुढे, रुंद भागाकडे सरकला. तिथे माख अंक जास्त, म्हणून स्तब्ध दाबाची घट जास्त, म्हणून नळीच्या तोंडाशी पोचणारा दाब बाहेरच्या दाबाहून कमी पडतो. बाहेरचा दाब त्याला मागे ढकलतो. तो मागे सरकला तर घट कमी होते, तोंडाशी दाब जास्त पडतो आणि तरंग पुढे ढकलला जातो. रुंदावत्या भागात तो वाटीतल्या गोटीसारखा आपल्या जागी परत येतो. निमुळत्या भागात हाच हिशेब उलटा पडतो आणि तो टिकू शकत नाही. हा युक्तिवाद पाच वाक्यांचा आहे. तो गाळून फक्त तक्ता देणे म्हणजे पदार्थविज्ञानाच्या जागी रेल्वेचे वेळापत्रक शिकवणे होय.

उलट दिशेने का नाही?

हा प्रश्न सर्वांत सुंदर आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेची तिन्ही समीकरणे उलट उडीलाही परवानगी देतात. माख अंक ०.५८ वरून एकदम २ वर उडी घेतली तरी तिन्ही हिशेब जुळतात. मग निसर्गात ती का दिसत नाही? स्तब्ध दाबाकडे पाहा. उलट उडीत तो ७.२ वरून १० होईल, म्हणजेच १० बारच्या टाकीतून निघालेली हवा कोणतेही काम न करता १३.९ बारच्या टाकीत जाऊन बसू शकेल. मग ती परत सोडून चाक फिरवावे, आणि पुन्हा तेच. असे फुकटचे यंत्र ऊष्मागतिकीचा दुसरा नियम होऊ देत नाही.

ही गोष्ट मोठमोठ्यांनाही लगेच उमगली नाही, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. १८४८ साली जॉर्ज स्टोक्स यांनी वायूत अशी खंडित उडी असू शकेल असे गणिताने मांडले. पुढे केल्व्हिन आणि रेली यांनी आक्षेप घेतला की यात ऊर्जेचा हिशेब लागत नाही. स्टोक्स यांनी तो मान्य केला आणि आपल्या संग्रहित लेखांत ती कल्पना मागे घेतली. १८६० साली रीमान यांनी विषय पुष्कळ पुढे नेला, पण उडीत एन्ट्रॉपी बदलत नाही असे धरल्यामुळे त्यांचाही ऊर्जेचा हिशेब चुकला. स्टोक्स यांची कल्पना बरोबर होती. चूक होती ती वायू तापतो हे न धरण्यात. रँकिन यांनी १८७० मध्ये आणि उगोनिओ यांनी १८८७ च्या सुमारास हा हिशेब नीट लावला. १९१० मध्ये रेली आणि जी. आय. टेलर यांनी उडीची दिशा आणि जाडी यांचा उलगडा केला. एका बरोबर कल्पनेला तिच्या जनकानेच नाकारावे आणि आक्षेप घेणाऱ्यानेच तीस-एक वर्षांनी ती पक्की करावी, यापेक्षा विज्ञानाच्या वाटचालीचे चांगले उदाहरण क्वचित सापडेल. पाठ्यपुस्तकात मात्र उरली आहेत 'रँकिन-उगोनिओ समीकरणे', नावापुरती.

खरी रेघ सरळ नसते

ही आकृती मुळात मोजमापातून आली. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात आउरेल स्टोडोला यांनी नॉझलच्या अक्षावर एक बारीक नळी बसवली, तिला बाजूला भोक ठेवले, आणि ती मागेपुढे सरकवून वाफेचा दाब जागोजागी मोजला. वाफ-टर्बाइनवरच्या १९०३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दाबाच्या या आकस्मिक चढणीचा संबंध रीमान यांच्या गणिती उडीशी जोडला. चार दशके कागदावर वाद होत राहिलेली गोष्ट लोखंडी नळीत सापडली.

मात्र प्रत्यक्षातली चढण पुस्तकातल्यासारखी कोरीव उभी नसते. भिंतीलगत घर्षणामुळे मंदावलेल्या हवेचा पातळ थर असतो. त्यातून दाबाची बातमी थोडी मागे झिरपते, थर जाड होतो, भिंत सोडतो, आणि आघात-तरंगाला भिंतीपाशी दोन पाय फुटतात. पुष्कळदा पूर्ण प्रवाहच भिंतीपासून सुटतो आणि मधोमध झोतासारखा जातो. आमची दुसरी तक्रार ही, की आकृतीखाली 'घर्षण नाही असे धरून' हे चार शब्द नसतात.

ते शब्द किती महागडे आहेत याचे ताजे उदाहरण आपल्या देशातले आहे. इस्रोचे सीई-२० हे क्रायोजेनिक इंजिन उंचावर, जवळजवळ निर्वातात चालण्यासाठी केलेले आहे. त्याच्या नॉझलचे तोंड गळ्याच्या १०० पट क्षेत्रफळाचे असून तोंडाशी दाब सुमारे ५० मिलिबार असतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या हवेच्या विसाव्या हिश्शाइतका. हे इंजिन जमिनीवर उघड्या हवेत पेटवले तर प्रवाह नॉझलच्या आतच भिंत सोडतो, जबर कंपने होतात आणि जिथे तो सुटतो तिथे नॉझल भाजून मोडण्याची भीती असते. म्हणून अशा इंजिनांसाठी महेंद्रगिरी येथे उंचीवरचा कमी दाब निर्माण करणारी चाचणी-व्यवस्था आहे. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी तिथेच, नॉझलला संरक्षण देणारी खास योजना करून, या इंजिनाची समुद्रसपाटीच्या दाबाला चाचणी घेतली गेली. आपण फळ्यावर काढतो त्या आकृतीतल्या बाहेरच्या दाबाचा हा खराखुरा अर्थ आहे.

मोरीतला प्रयोग

स्वनातीत नॉझल शाळेत आणणे शक्य नाही, पण त्याचा भाऊबंद प्रत्येक घराच्या मोरीत आहे. नळाची सरळ धार सपाट बेसिनच्या तळावर पडू द्या. पाणी पातळ थराने वेगात पसरते आणि काही अंतरावर गोल कडे करून एकदम जाड होते. ही जल-उडी. कड्याच्या आत पाणी पृष्ठभागावरच्या लाटांपेक्षा वेगाने धावते, बाहेर त्यांच्यापेक्षा मंद. आत काडीचे टोक बुडवले तर मागे पाचरीसारखी रेघ उमटते, आणि लाट उलट दिशेने धारेकडे जाऊ शकत नाही. आता बेसिनचे भोक बोळ्याने बंद करा. बाहेरची पातळी चढू लागते आणि कडे आक्रसत धारेकडे सरकते. बाहेरचा दाब वाढवला की आघात-तरंग गळ्याकडे सरकतो, तेच हे.

इथेही उपमेची हद्द सांगावी. उडीत पाणी तापते, पण ते हाताला कळण्याइतके नाही. शिवाय मोरीतल्या पातळ थरात गुरुत्वाकर्षणाबरोबर पृष्ठताणही काम करतो. त्याचा वाटा किती, यावर २०१८ च्या एका संशोधनानंतर नव्याने वाद झाला आहे. धरणाच्या सांडव्याच्या पायथ्याशी उसळणारी जल-उडी ही गुरुत्वाची अधिक शुद्ध उडी होय. तिथे तर अभियंते ती मुद्दाम घडवून आणतात, कारण पाण्याचा जोर तिच्यात जिरतो आणि नदीचा तळ वाचतो. रॉकेटमध्ये जे टाळायचे, ते धरणाखाली हवेसे असते.

आकृती काढावी, पण अशी

आम्ही ही आकृती टाकून द्या असे म्हणत नाही. एका चित्रात इतके सांगणाऱ्या आकृत्या थोड्या आहेत. आमची सूचना एवढीच, की ती फळ्यावर एकदम पूर्ण काढू नये. आधी नळी काढावी आणि वर्गाला विचारावे, वेग कुठे वाढेल? टक्केवारीचा हिशेब करून घ्यावा. मग बाहेरचा दाब एकेक पायरीने उतरवत दर वेळी एक रेघ काढावी. उभी रेघ आली की थांबावे आणि तिच्याखाली स्तब्ध दाबाची पायरी काढावी. मग विचारावे, ही पायरी वर चढू शकेल का? कोणीतरी 'सर, समीकरण तर जुळते!' म्हणेल. तो विद्यार्थी चुकलेला नाही. तो स्टोक्स आणि रीमान अडले त्याच उंबऱ्यावर येऊन उभा आहे. त्याला हात धरून आत न्यायचे, एवढेच आपले काम.